जर्मनीची नुकसानभरपाई : देणे कोणाचे, फेडले कोणी?



दुसऱ्या महायुद्धात विजय कोणाचा झाला, हे मे १९४५ मध्ये निश्चित झाले. विध्वंसाची भरपाई कोणी व कोणास करावयाची, हा प्रश्न मात्र पुढे अर्धशतक रेंगाळला.

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत सोव्हिएत युनियनने जर्मनीकडून एकूण २,००० कोटी डॉलरांची भरपाई व तीत निम्मा वाटा मागितला. चर्चेचा आधार म्हणून हा आकडा रूझवेल्ट यांनी मान्य केला. पहिल्या महायुद्धानंतरच्या वसुलीचे अपयश स्मरून चर्चिल यांनी तो नाकारला. पुढे पॉट्सडॅम येथे आकडाच वगळण्यात आला. प्रत्येक सत्तेने आपापल्या ताब्यातील विभागातून वसुली करावी, शिवाय पश्चिम विभागांतील अतिरिक्त यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के अन्नधान्य-कोळशाच्या मोबदल्यात व १० टक्के विनामोबदला सोव्हिएत युनियनला मिळावी, असे ठरले. वसुलीची अशी विभागणी होताच जर्मनीच्या राजकीय फाळणीचा पाया घातला गेला.

मे १९४६ मध्ये अमेरिकी सेनापती क्ले यांनी आपल्या विभागातून यंत्रे पाठविणे थांबविले. १९४७ च्या मॉस्को परिषदेत मोलोटोव्ह यांनी चालू उत्पादनातून १,००० कोटी डॉलरांची मागणी लावून धरली. मार्शल यांनी ती फेटाळली. डिसेंबरात लंडनची बैठकही निष्फळ ठरली आणि १९४९ मध्ये दोन जर्मन राज्ये अस्तित्वात आली.

या झगड्याची किंमत कोणी मोजली? पूर्वेकडील कारखाने, रेल्वेचे रूळ उखडून नेले गेले. उत्पादनातील हिस्सा १९५३ अखेरपर्यंत जात राहिला. त्याच वर्षी १७ जून रोजी, त्याच वेतनात अधिक काम लादणाऱ्या हुकुमाविरुद्ध उठलेल्या पूर्व बर्लिनच्या कामगारांसमोर रणगाडे उभे राहिले. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सत्तेचे हे वर्तन समाजवाद्यांनी झाकून ठेवता कामा नये.

पश्चिमेचा न्यायही तितकाच एकांगी होता. फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात जर्मनीची जुनी कर्जे सुमारे निम्म्यावर आणून फेडीची सोय लावली गेली. सावकारांना असा हप्ता बांधून मिळाला. पण आक्रमित देशांचे व तेथील नागरिकांचे दावे अंतिम तडजोड होईपर्यंत लांबणीवर टाकले गेले. वेठीस धरून जर्मन कारखान्यांत राबविलेल्या परदेशी मजुरांना हेच कलम दाखवून पुढे वर्षानुवर्षे माघारी धाडले गेले.

१२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत अंतिम करार झाला. त्यास शांतता-तह हे नाव देण्याचे कटाक्षाने टाळण्यात आले आणि भरपाईविषयी त्यात अवाक्षरही आले नाही. ग्रीस व पोलंड यांनी त्यानंतरही आपले दावे मांडले. जर्मनीने प्रश्न मिटल्याचे उत्तर दिले. वेठमजुरांसाठी सरकार व उद्योगपती यांनी निम्मा-निम्मा वाटा उचलून १,००० कोटी मार्कांचा निधी उभारला, तो २००० साली. तोवर त्यांतील बहुसंख्य मृत्यू पावले होते.

राष्ट्रांच्या वाटाघाटींत श्रमिकांचा दावा आपोआप मांडला जात नाही. तो मांडणारी संघटना त्या टेबलाशी नसेल, तर सावकाराची वही आधी उघडते. युद्धोत्तर शांततेचा विचार करणाऱ्या प्रत्येक समाजवादी कार्यकर्त्याने हा अनुभव ध्यानात ठेवला पाहिजे.