हट्ट नव्हे, भीती



आजचा विषय चारचौघांत काढायला आपल्याला संकोच वाटतो. पण घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला चार दिवस शी झाली नाही, की त्या घरात दुसरा विषय नसतो. लहान मुलांच्या या मलावरोधाबद्दल, म्हणजे बद्धकोष्ठाबद्दल, आज थोडं बोलू.

महाड तालुक्यातल्या वीरला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. रोहा ते वीर हा या रेल्वेचा टप्पा १९९३ साली सुरू झाला. मे महिन्यात मुंबईहून पोराबाळांना घेऊन येणारी मंडळी इथे उतरतात आणि आसपासच्या गावांत, वाड्यांत जातात. असाच साडेतीन वर्षांचा एक मुलगा आजीकडे आला होता. गाडीतल्या संडासात बसायला तो घाबरला आणि त्याने शी रोखून धरली. आजीकडचा संडास परसात, अंधारा. तिथेही तो जाईना. उन्हाळा असल्याने घाम भरपूर, पाणी पिणं कमी आणि जेवणाऐवजी दूध-बिस्किटं. पाचव्या दिवशी शी झाली ती खड्यासारखी. जागा चिरली, दोन थेंब रक्त आलं. त्यानंतर शी लागली की तो दाराच्या कोपऱ्यात जाऊन पाय आवळून, लालबुंद होऊन उभा राही. पंधरा दिवसांनी चड्डी सारखी खराब होऊ लागली. "एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?" म्हणून त्याने मार खाल्ला. माझ्याकडे आणलं तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टर, फार हट्टी झालाय हो. वर जुलाबही लागलेत."

तो हट्टी नव्हता आणि त्याला जुलाबही नव्हते. दारामागे पाय आवळून उभं राहिलेलं मूल शीसाठी जोर करतंय, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते शी आत ओढून धरत असतं. एकदा दुखलं म्हणून मूल रोखतं. रोखलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, त्यामुळे तो आणखी कडक होतो. मग आणखी दुखतं आणि मूल आणखी रोखतं. साठलेल्या मळाने गुदाशय ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ मळ नकळत पाझरतो. तो थांबवणं मुलाच्या हातात नसतं. म्हणूनच अशा मुलाला रागावू नये, मारू तर मुळीच नये. जुलाब समजून ते थांबवायचं औषध दिलं, तर आगीत तेल ओतल्यासारखं होतं.

हे मुख्यतः तीन टप्प्यांवर सुरू होतं: वरचं अन्न सुरू होताना, शीची सवय लावताना आणि अंगणवाडी किंवा शाळा सुरू होताना. शाळेतल्या संडासात पाणी नसेल, कडी लागत नसेल, तर मूल घरी येईपर्यंत रोखतं. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी वणवण होते. त्या दिवसांत मुलाच्या पिण्याच्या पाण्याकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवं.

मलावरोध कशाला म्हणायचं? निव्वळ दिवस मोजून ते कळत नाही. फक्त अंगावर पिणारं तान्हं बाळ कधी दिवसातून सहा वेळा शी करतं, कधी पाच-सहा दिवसांनी एकदा. शी मऊ असेल, बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर काळजी नको. त्याला पाणी, बाळगुटी, एरंडेल काहीही देऊ नका; सहा महिने आईचं दूध पुरेसं आहे. मोठ्या मुलाला मात्र आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शी होत असेल, खडे पडत असतील, दुखत असेल, तर तो मलावरोध समजावा.

आता उपाय. आजीबाई साबणाची कांडी लावतात किंवा एरंडेल पाजतात. त्यामागे माया असते, पण आधीच दुखऱ्या जागी काही घातलं की मुलाची भीती दुप्पट होते. घरच्या घरी एनिमा तर नकोच. एक वर्षाखालच्या बाळाला मधही देऊ नये.

आधी साठलेला मळ डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडावाटे दिलेल्या औषधाने मोकळा करावा लागतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यात विरघळवून देतात किंवा लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. ही औषधं मळात पाणी धरून ठेवतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच सांगावी. "सवय लागेल" या भीतीने आईवडील आठवड्यात औषध बंद करतात आणि पहिले पाढे पंचावन्न! ताणलेलं आतडं पूर्वपदावर यायला वेळ लागतो. औषध निदान दोन महिने द्यावं लागतं. त्रास थांबून महिना झाला, की मग ते हळूहळू कमी करायचं.

सोबत आहार हवा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. दुधानेच पोट भरलं तर मूल जेवणार कसं? भाकरी, मूग, चवळी, कुळथाचं पिठलं, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी, पिकलेली पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका कुस्करून, हे सगळं आपल्याकडे मिळतं. पण खडा तयार झाल्यावर नुसत्या पपईने भागत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि सवय. जेवल्यानंतर आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा रोज पाच-दहा मिनिटं मुलाला बसवा. आपल्याकडच्या बायका बाळाला दोन पायांवर बसवून शी करायला लावत, ती पद्धत छानच. खोल भांड्याची भीती वाटत असेल, तर लहान भांडं वापरा. कमोडवर पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली पाट द्या. शी झाली नाही तरी "बसलास, शाब्बास" म्हणा.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. जन्मल्यावर पहिली शी ४८ तासांत झाली नसेल, पोट फुगलं असेल, हिरवी उलटी, ताप, वजन न वाढणं, शीत वारंवार रक्त किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अशी मुलं थोडी असतात, पण ती वेळेवर ओळखावी लागतात.

तो मुलगा बरा व्हायला पाच महिने लागले. औषध लागलंच, पण आजीने परसातल्या संडासात दिवा लावून घेतला आणि रोज दाराशी बसून त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याचाही वाटा मोठा. आपल्या घरी असं मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याला ओरडू नका. जवळ घ्या, आणि उद्या डॉक्टरांकडे चला.