‘जंगल’ : एका शब्दाचा परतीचा प्रवास



इंग्रजीतील ‘जंगल’ हा शब्द आज जगभर परिचित आहे. तो उच्चारताच घनदाट, हिरवेगार अरण्य डोळ्यांपुढे उभे राहते. शब्द मूळचा आपला. अर्थ मात्र मूळचा नव्हे.

संस्कृतातील ‘जांगल’ म्हणजे कोरडा प्रदेश. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार मानले : आनूप, जांगल आणि साधारण. पाणथळ तो आनूप. अल्प पावसाचा, विरळ काटेरी झाडांचा तो जांगल. दाट वृक्षराजीसाठी वन, अटवी, अरण्य हे शब्द होतेच. म्हणूनच गडचिरोलीचा प्रदेश परंपरेने दंडकारण्यात गणला जातो.

इंग्रजीत हा शब्द प्रथम शिरला तो पडीक जमिनीच्या अर्थाने. १७७६ साली छापलेल्या हालहेडच्या हिंदू कायद्यांच्या ग्रंथात पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीला ‘जंगल’ म्हटले आहे. पुढे १८९४ मध्ये किपलिंगचे ‘जंगल बुक’ आले आणि दाट रानाचा अर्थ घरोघरी पोहोचला.

जुना अर्थ आज कोठे जिवंत आहे? पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात! ‘झुडपी जंगल’ ही नोंद चंद्रपूर-गडचिरोलीत सर्वपरिचित आहे. खुरट्या झुडपांची, गुरे चारण्याची ही जमीन. परंतु १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ शब्दाचा अर्थ शब्दकोशानुसार घ्यावा असे सांगितले आणि या नोंदीला निराळेच वजन प्राप्त झाले. तोवर अशा जमिनींवर घरे, शाळा, दवाखाने, स्मशानभूमी उभ्या राहिल्या होत्या. अखेर २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. मात्र १९९६ च्या त्या दिवसापूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी दिलेल्या जमिनींबाबत केंद्राच्या मान्यतेने मार्ग मोकळा ठेवला.

वन वाचले पाहिजे, यात दुमत नाही; झुडपी माळालाही त्याचे पशुपक्षी आणि गवत आहेच. तथापि त्याच माळावर कोणाचे छप्पर आहे, कोणाची गुरे चरतात, हेही पाहिले पाहिजे. कार्यकर्त्याने गावी जाताना सातबारा आणि निस्तारपत्रक वाचायला शिकावे. कारण दप्तरातील एका शब्दावर अनेक कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असते.