समुद्रफुलाची शुश्रूषा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘समुद्रफुलाची शुश्रूषा’ असे सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले आणि मान वर करून पुन्हा एकदा आमच्याकडे पाहिले. त्यांचा दोष नाही. तीस वर्षे आम्ही कारखान्याच्या फाटकापुढेच बोलत आलो. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात आणि रात्रपाळीच्या दिव्याखाली. तेव्हा प्राणिशास्त्राचे जाणकार म्हणून आम्ही येथे उभे नाही. एका जखमी जीवाची सहा आठवडे सेवा करण्याची पाळी आमच्यावर आली, आणि ती जखमही आमच्याच हयगयीने झाली होती, एवढाच आमचा अधिकार.

समुद्रफूल हे फूल नव्हे. तो प्राणी आहे. पोवळ्याचा आणि जेलीफिशचा हा भाऊबंद. खाली खडकाला चिकटणारे मांसल पाऊल, वर तबकडी, तबकडीच्या मध्यभागी तोंड आणि भोवती बोटांसारखे शुंडक. या शुंडकांत अतिसूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्य टेकले की त्यांतून विषारी तंतू सुटतो. हाड नाही, मेंदू नाही, रक्त नाही. जगात याच्या सुमारे हजार जाती आहेत. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठी ओहोटी लागली की डबक्यांतून ही मंडळी आपल्यालाही दिसतात. पाणी ओसरले म्हणजे अंग मिटून घेतात, आणि अनोळखी माणूस चिखलाचा गोळा समजून त्यांवर पाय देऊन पुढे जातो.

आता आमच्याकडे हे पाहुणे कसे आले ते सांगतो. आमच्या युनियनमधील एक सभासद पॉवर प्रेसवर काम करीत होते. त्या प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. एके रात्री त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. भरपाईच्या दाव्यात दोन वर्षे गेली. त्या काळात घरी बसून वेळ जाईना, म्हणून त्यांनी साठ लिटरची एक काचेची पेटी मिळवली, खारे पाणी तयार केले, चांगले आठ-नऊ महिने पेटी मुरू दिली आणि मग एक बबल-टिप जातीचे समुद्रफूल व विदूषक माशांची जोडी त्यात सोडली. डाव्या हाताने ते सारे करीत. पुढे गावी आई आजारी पडली. जाताना पेटी त्यांनी आमच्या कचेरीत आणून ठेवली आणि म्हणाले, “अण्णा, रोज पाणी उडून जातं, तेवढं भरत जा. बाकी काही करू नका.”

आम्ही भरत गेलो. वैशाखाचे दिवस, रोज सुमारे अर्धा लिटर पाणी उडे. समुद्राचा प्राणी म्हणून आम्ही खारेच पाणी भरले. येथे आमचे अज्ञान उघडे पडले. वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ मागेच राहते. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालावयाचे असते. चौदा दिवसांत आम्ही सात लिटर खारे पाणी ओतले, आणि ज्या पाण्याची घनता १.०२५ असावयाची ती १.०२९ वर गेली. समुद्रात असा बदल एवढ्या लवकर होत नाही, कारण समुद्र मोठा आहे. लहान पेटीचा धोका हाच. पाणी थोडे, म्हणून चूक लगेच अंगाशी येते.

समुद्रफुलाला बोलता येत नाही, पण त्याला पाऊल आहे. जागा मानवली नाही की ते हळूहळू सरकत दुसरी जागा शोधते. आमचे समुद्रफूल पंधराव्या रात्री आपला खडक सोडून निघाले. सकाळी पाहतो तो ते पाण्याच्या पंपाच्या तोंडात ओढले गेले होते. पाणी दुधासारखे गढूळ, शुंडकांचे तुकडे तरंगत असलेले. कचेरीतील एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “पण ते स्वतःच तिकडे गेलं ना?”

मंडळी, हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. आमच्या त्या सभासदाच्या चौकशीत कारखान्याच्या अधिकाऱ्याने हेच सांगितले होते: कामगाराने स्वतःच हात आत घातला. त्या वेळी आम्ही टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो की, १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी कामगारावर टाकलेली नाही, मालकावर टाकली आहे. आता आमच्या कचेरीत पंपाच्या तोंडाला साधा स्पंजाचा तुकडा नव्हता. जुना झिजून गेला होता, तो बदलावयाचे राहिले होते. या खटल्यात मालक आम्ही होतो.

आम्ही गावी फोन लावला. त्यांनी एकदाही रागाचा शब्द काढला नाही. म्हणाले, “आधी पंप बंद करा. ओढू नका, अण्णा. आपोआप सोडील.” आमचा हात पुढे झालाच होता, ओढले असते तर उरलेले पाऊलही फाटले असते. पंप बंद केला आणि आम्ही थांबलो. दोन तासांनी ते सैल होऊन खाली पडले. एका बाजूचे निम्मे शुंडक गेले होते, पावलाच्या कडेला चीर होती आणि तोंड उघडे पडले होते.

यापुढील उपचार क्रमाने सांगतो. कोणाच्या घरी अशी पेटी असेल तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट पाण्याची. तुटलेले मांस कुजते, त्यातून अमोनिया निघतो आणि लहान पेटीत तो सर्वांनाच मारतो. पेटीतील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. पण एकदम आलेला भार त्यांनाही पेलत नाही. म्हणून तरंगणारे तुकडे वेचून काढले, चौथाई पाणी बदलले आणि कोळशाची पिशवी टाकली. नवे पाणी आदल्या पाण्याइतक्याच खारटपणाचे व तेवढ्याच उष्णतेचे घेतले. जखमी जीवाला आणखी धक्का नको. मग खारटपणा हळूहळू उतरवला: रोज दीड लिटर खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध केलेले गोडे पाणी, असे चार दिवस. नळाचे पाणी थेट घातले नाही, कारण त्यात क्लोरीन असतो. पंप पुन्हा सुरू केला तो स्पंज बसवून.

दुसरी गोष्ट औषधाची. बाजारात माशांसाठी तांब्याची औषधे मिळतात. माशाला ती गुण देतात; पण समुद्रफुलासारख्या अपृष्ठवंशी प्राण्याला तांबे विष आहे. आम्ही बाटली आणली होती. सुदैवाने वरचा कागद आधी वाचला.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. विदूषक मासे समुद्रफुलाच्या अंगाखांद्यावर राहतात, पण आजाऱ्याला त्यांचे घासणेही सोसत नाही. म्हणून भोकांच्या प्लॅस्टिक परडीखाली त्याला एकटे ठेवले. पाणी खेळते राहिले, मासे बाहेर राहिले. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल वस्तीला असते. उजेडात ते अन्न तयार करते आणि घरमालकाला वाटा देते. धक्क्याने हे शैवाल निघून जाते आणि प्राणी पांढरा पडतो. आमचा पांढरा पडू लागला होता. दिवा एकदम प्रखर न करता थोडा मंद ठेवला आणि पुढे बेताबेताने वाढवला.

चौथी गोष्ट अन्नाची, आणि येथेच माणसाचा संयम सुटतो. आजारी दिसला की खाऊ घालावे ही आपली रीत. पण ज्याचे तोंडच मिटत नाही त्याला पचणार काय? पोटात गेलेले तेथेच कुजते. आठ दिवस आम्ही काहीही दिले नाही. तिसऱ्या दिवशी ते रिकाम्या पिशवीसारखे आकसले तेव्हा मेले असे वाटले. पण समुद्रफूल निरोगी असतानाही घाण टाकण्यासाठी अंगातले पाणी सोडून आकसते व पुन्हा फुगते. खरोखर मेलेल्याची खूण वेगळी: कुजका वास येतो आणि बोट लावताच मांस विरघळल्यासारखे सुटते. तसे झाले तर क्षणभरही न ठेवता बाहेर काढावे. आम्ही रोज सकाळी वास घेत होतो. वास आला नाही.

बाराव्या दिवशी तोंड मिटले आणि पाऊल दगडाला चिकटले. त्या दिवशी मिऱ्याएवढा कोळंबीचा तुकडा दिला. त्याने तो धरला.

असे प्राणी जपण्याचा एक मोठा दाखला आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. स्कॉटलंडात सर जॉन ग्रॅहम डॅलियल नावाच्या गृहस्थांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणले. ते थंड पाण्याच्या जातीचे. त्याला आमच्याइतक्या उजेडाची गरज नव्हती. एका लहानशा काचपात्रात, समुद्राचे ताजे पाणी वरचेवर आणवून त्यांनी ते सांभाळले. १८५१ साली डॅलियल वारले. समुद्रफूल जिवंत होते. ते एका हातातून दुसऱ्या हाती गेले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. १८८७ साली ते मेले. एकोणसाठ वर्षे! तेथे यंत्र नव्हते की दिवा नव्हता. पाणी बदलण्याचे काम मात्र एकामागून एक माणसांनी चुकवले नाही.

याच शतकाची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडात फिलिप गॉस यांच्या पुस्तकांमुळे १८५० नंतर घरोघर समुद्राच्या पाण्याच्या पेट्या ठेवण्याचा छंद पसरला. लोक हातोड्या घेऊन किनाऱ्यावर गेले आणि डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली आपल्या आठवणींत याची खंत नोंदवली आहे. म्हणून तरुण मित्रांना सांगणे आहे: ओहोटीला जा, वाकून पाहा, पण सुरीने खरवडून घरी आणू नका. पावलाला चीर पडली म्हणजे काय होते ते आम्ही पाहिले आहे. आणि पेटी ठेवणारच असाल तर आधी पाणी सांभाळावयास शिका, प्राणी मागाहून आणा.

सहा आठवड्यांनी आमचे सभासद गावाहून आले. आईचे दिवस करून आले होते. तुटल्या बाजूला तांदळाएवढे नवे शुंडक फुटले होते. ते बराच वेळ काचेपाशी उभे राहिले. मग म्हणाले, “ह्याची आली, अण्णा.” उजवा हात त्यांनी खिशातून बाहेर काढला नाही.

त्यावर आम्हांला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. समुद्रफुलाची बोटे पुन्हा फुटतात. माणसाची फुटत नाहीत. म्हणून माणसाच्या बाबतीत शुश्रूषा ही नेहमीच उशिराची गोष्ट असते, आणि जाळी आधी बसवावी लागते. आमच्या पंपाला लागलेला स्पंज दहा-वीस रुपयांचा होता. तो आम्हांला सुचला नाही असे नाही. उद्या बसवू म्हणून राहून गेला. कारखान्यातील जाळीही पुष्कळ वेळा अशीच राहून जाते. दुष्टपणाने राहते असे आम्ही आजवर भाषणांत म्हणत आलो. कधी तसे असतेही. पण आता आम्ही चौकशीला गेलो म्हणजे पहिला प्रश्न विचारतो: हे बसवायचे कोणाकडे होते, आणि कोणत्या दिवशी? आमच्या कचेरीत त्याचे उत्तर आमचे स्वतःचे नाव होते. पेटीशेजारच्या भिंतीवर आता एक तक्ता टांगला आहे: गोडे पाणी, स्पंज, घनता; पुढे तारीख आणि सही. शनिवारची सही आमची असते.