शाळेत घेतले, पण वर्गात घेतले काय?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवातील भाषण)



आज गौरवाची भाषणे पुष्कळ होतील. आम्ही शिक्षक मात्र आपल्यापुढे एक कबुली देण्यास उभे आहोत.

आमच्या बेळगावात मराठी शाळेतल्या मुलाच्या वाट्याला तीन लिप्या येतात : देवनागरी, कानडी आणि इंग्रजी. आमच्यासारख्यांच्या घरी चौथी उर्दूची. बहुतेक मुले हा भार हसत पेलतात. पण चौथीत एक मुलगी होती. तोंडी विचाराल तर पाढे बिनचूक, गोष्ट रंगवून सांगणार. वाचावयास उभी केली की अडखळे. आम्ही तिला आळशी ठरविले, मागच्या बाकावर बसविले, एकच धडा दहा दहा वेळा लिहावयास लावला. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा कळले की, तो आळस नव्हता, डिस्लेक्सिया होता. चूक आमची; वर्षे मात्र तिची गेली.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सातच प्रकार होते. त्यांत हा नव्हता. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यांत तो आहे. अशा मुलांस परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या सवलतींचा त्यात उल्लेख आहे. सीमेवरच्या गावाला याचे मोल निराळे सांगावयास नको.

पुढे आम्ही काय केले? तिला पुढच्या बाकावर आणले. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवू लागलो, काही उत्तरे तोंडी घेऊ लागलो. यास एक पैही लागली नाही. इतर मुले मागे पडतील, अशी पालकांस धास्ती होती. उलट मोठ्याने वाचलेल्या प्रश्नाचा फायदा आणखी चौघांना झाला.

तरीही सारे आमच्या हातचे नाही. म्हणून दोन मागणी आहेत. न्यासाने हुशार मुलांच्या बक्षिसांबरोबर आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या विशेष शिक्षकाच्या मानधनाचीही तजवीज करावी. आणि आईबापांनी, 'उद्या लग्नात अडचण येईल' म्हणून मुलांची तपासणी टाळू नये. दाखला हा डाग नव्हे. तो मुलाचा हक्क आहे.

ती मुलगी आजही सावकाशच वाचते. पण वाचावयास आता आपणहून हात वर करते. असे हात वाढावेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.