रांगेची लांबी आणि प्रतीक्षेचा काळ



ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिच्यापासून जेमतेम ४०० यार्डांवर असलेले विद्यापीठ यांच्यातील संगणक-जाळ्यात एक विलक्षण प्रकार घडला. सेकंदाला ३२,००० बिट वाहून नेणारी वाट अवघ्या ४० बिटांवर आली. तारा शाबूत होत्या. कोंडी झाली होती रांगांत. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : पॅकेट हरवले की ती कोंडीची खूण समजून पाठविणाऱ्या संगणकाने आपला वेग आवरावा.

पुढे स्मृती स्वस्त झाली. पॅकेट हरवू नये म्हणून यंत्रांत लांबच लांब रांगांची सोय झाली आणि ती खूणच उशिरा मिळू लागली. १५०० बाइटांची १००० पॅकेटे उभी असतील, तर सेकंदाला १ अब्ज बिट गतीच्या वाटेवरही शेवटच्या पॅकेटाला १२ मिलिसेकंद थांबावे लागते. एकाच इमारतीतील तारेच्या जाळ्यात जाण्यायेण्यास एरवी १ मिलिसेकंदही लागत नाही!

कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' ही पद्धती मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबले ते मोजते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत कमीत कमी प्रतीक्षाही सतत ५ मिलिसेकंदांवर राहिली, तर ती एक पॅकेट टाकून देते. क्षणिक गर्दीला मात्र ती हात लावीत नाही.

परंतु हे आकडे दूरदूरच्या इंटरनेटसाठी ठरविलेले आहेत. अवधी हा जाण्यायेण्याच्या कमाल काळाएवढा आणि प्रतीक्षेची मर्यादा त्या अवधीच्या ५ ते १० टक्के असावी, असा नियम आहे. जेथे हा कमाल काळ १० मिलिसेकंद आहे, तेथे मर्यादा अर्ध्या ते एक मिलिसेकंदावर आणणे युक्त होय. मात्र त्याच वाटेने दूरची वाहतूकही जात असेल, तर इतकी कडक मर्यादा तिचा वेग अकारण खुंटवील. शिवाय एक पॅकेट तारेवर चढविण्यास लागणाऱ्या काळाहून मर्यादा कमी ठेवणे व्यर्थ आहे.

म्हणून अधिक वेगाची जोडणी विकत घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. जाळे रिकामे असताना आणि ते पूर्ण भरलेले असताना लागणारा विलंब मोजून पाहावा. दोहोंत मोठे अंतर आढळले, तर दोष बहुधा तारेचा नसून रांगेचा असतो.