टेकू आधी, पाना मग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्यासाठी विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने मला दिली आणि मी निवडला स्कूटरच्या चाकाचा विषय. हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण मंडपाबाहेर जरा नजर टाका. किती स्कूटरी उभ्या आहेत! कोणी बारव्ह्याहून आली, कोणी दिघोरीहून, कोणी वडशाचे काम आटोपून परस्पर इकडे वळली. शाळेत शिकविणारी, अंगणवाडी सांभाळणारी, रोवणीच्या दिवसांत बांधीवर शिदोरी पोचविणारी, साऱ्याजणींचे पाय म्हणजे हीच गाडी. जिच्यावर आपण रोज जीव सोपवितो तिचे चाक साफ करणे व तपासणे आपल्याला आले पाहिजे. आणि ते करताना गाडी अंगावर येणार नाही अशी तिला उभी करणेही आले पाहिजे.

आपल्याकडे १९७२ साली बजाजची चेतक आली. तिच्याबरोबर जादा चाक, म्हणजे स्टेपनी असे, आणि चाक बदलणे हे पुरुषाचे काम समजले जाई. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला गियर नव्हते, बटण दाबले की ती सुरू होई. २००१ पासून अ‍ॅक्टिव्हा घरोघर पोचली आणि २०१९ साली चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळाले. गाडी चालविणे असे सोपे होत गेले. तिचे वजन मात्र फारसे हलके झाले नाही. आजची साधी स्कूटर सुमारे १०५ ते ११० किलो भरते. धान खरेदीच्या केंद्रावर ४० किलोचा कट्टा आपण पाहतो. तसे अडीच कट्टे आणि वर थोडे. ते ओझे बोटावर किंवा खाली बसलेल्या लेकराच्या पायावर आले तर काय होईल, हे मी वेगळे सांगावयास नको.

पहिली गोष्ट जागेची. सारवलेल्या अंगणात, विशेषतः पावसाळ्यात, स्टँडचे पाय मातीत रुततात आणि गाडी हळूहळू कलते. म्हणून सिमेंटची सपाट जागा घ्यावी. नसेल तर स्टँडखाली जाड, रुंद फळी घालावी. किल्ली काढून स्वतःजवळ ठेवावी. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावा. पदर खोचावा, ओढणी काढून ठेवावी, बांगड्या मागे साराव्या. मुलांना दूर बसवावे. बाजूचा स्टँड हा या कामासाठी नव्हे. गाडी नेहमी मधल्या स्टँडवरच घ्यावी. ती घेताना हातांनी ओढू नये. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की पायाने स्टँडवर भार द्यावा, म्हणजे कंबर वाचते.

मधल्या स्टँडवर बहुतेक स्कूटरींचे मागचे चाक अधांतरी राहते आणि गाडी स्टँड व पुढचे चाक यांवर उभी असते. गाडी पुढे सरकली की हा स्टँड आपोआप मिटतो, ही यातली खरी मेख आहे. म्हणून पुढच्या चाकाच्या पुढे लाकडी पाचर लावावी आणि पुढचा ब्रेक दाबून त्याची दांडी नाडीने मुठीशी बांधून टाकावी. एवढे केले की मागचे चाक निर्धास्तपणे हाताने फिरविता येते. ते इंजिन चालू करून फिरवत पुसण्याची खोड काही घरांत आहे. ती सोडावी. फडके चाकात ओढले जाते आणि फडक्याबरोबर बोटेही.

पुढचे चाक उचलणे अधिक जोखमीचे आहे. आपल्याकडे सर्रास काय होते? शाळकरी मुलाला मागच्या सीटवर बसवितात, पुढचे चाक वर येते आणि आई खाली हात घालते. मुलगा म्हणजे मुलगाच. कोणी हाक मारली की तो उतरणार! भगिनींनो, माणसाचा भार हा टेकू नव्हे. माणसाने फक्त गाडी उचलण्यापुरते साहाय्य करावे. उचललेली गाडी लाकडाने धरली पाहिजे.

त्याची रीत अशी. नट सोडावयाचा असेल तर तो गाडी जमिनीवर असतानाच थोडा सैल करावा, कारण खरा जोर तेव्हाच लागतो आणि टेकूवरच्या गाडीला तो हिसका सोसत नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्या. एका मोठ्या माणसाने मागची दांडी खाली दाबावी आणि दुसऱ्याने गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली चौकोनी ठोकळे सरकवावे, एक डावीकडे व एक उजवीकडे. प्लॅस्टिकच्या तळाखाली, सायलेन्सरखाली किंवा इंजिनाखाली टेकू देऊ नये. विटांची चळत दडपणाने फुटते. गोल ओंडका घरंगळतो. ठोकळे बसले की दाबणाऱ्याने हात काढावा आणि गाडी हळूच हलवून पाहावी. ती डगमगली तर खाली घेऊन पुन्हा मांडावे. स्थिर राहिली तरच चाकाला हात लावावा.

आता पाहावयाचे काय? आपल्या भागात चिखल आणि तणसाचे धागे चाकाच्या आसाभोवती गुंडाळतात. ते काढावे. टायर वर व खाली धरून आतबाहेर हलवावा. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिले झाल्याची शंका घ्यावी. चाक सोडून फिरवावे. ते डोलते का, घासल्याचा आवाज येतो का, हे पाहावे. टायरमध्ये खिळा किंवा बाभळीचा काटा आहे का, रबराला भेगा आहेत का, हेही तपासावे.

यापुढची काही कामे मिस्त्रीकडेच न्यावी. पुष्कळ गाड्यांचे मागचे चाक सायलेन्सर उतरविल्याशिवाय निघत नाही. विजेच्या काही गाड्यांची मोटर चाकातच असते. तिच्या तारांना हात लावू नये. डिस्कब्रेकचे चाक काढले असता ब्रेक दाबू नये. ज्यांच्या घरी अजून जुनी चेतक आहे त्यांनी एक गोष्ट विसरू नये. तिची रिम दोन भाग जोडून केलेली असते आणि हवा पूर्ण काढल्याशिवाय ते भाग जोडणारे नट सोडणे जिवावर बेतू शकते.

काम संपले की आधी हात बाहेर, मग ठोकळे बाहेर. चाक जमिनीवर आल्यावर नट शेवटचा आवळावा, बांधलेली नाडी सोडावी आणि दारापुढेच ब्रेक दाबून पाहावा. सोडलेला नट मोठ्या रस्त्याला लागण्यापूर्वी मिस्त्रीकडून एकदा पाहून घ्यावा.

शेवटी एक सूचना करते. सुताराकडून चार चौकोनी ठोकळे, चार पाचरी आणि एक जाड फळी करून घ्यावी व मंडळाच्या कपाटात ठेवावी. जिला लागेल तिने नोंद करून न्यावी आणि शेजारणीला मदतीस बोलवावे. खर्च थोडा आहे, पण घरचे लेकरू सीटवर बसविण्याची पाळी कोणावर येणार नाही. कार्यकारिणीने याचा विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.