नाटकवेड्या मुलांचा खर्च कोणी करावा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वैद्यकीय व अभियांत्रिकी शिष्यवृत्त्यांविषयी माझ्या आधीचे वक्ते सविस्तर बोलले. ज्यांच्यासाठी सहसा कोणी अर्जसुद्धा छापत नाही, अशा मुलांविषयी मला बोलायचे आहे. ती म्हणजे नाटकात रमणारी मुले.

नाटकाने दुसऱ्यांच्या फंडाला आजवर पुष्कळ दिले आहे. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. उलट दिशेने पैसा क्वचितच येतो. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात नवे नाटककार व गावोगावच्या नाट्यसंस्था यांच्यासाठी योजना राबविल्या, हे त्यातले ठळक उदाहरण. परंतु त्यांना साहाय्य होते अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचे. मराठी नाटकासाठी इतक्या दुरून पैसा यावा, याचे मला थोडे वैषम्य वाटते.

सरकारी मदत नाही असे नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, मुदत दोन वर्षे, दरमहा ५,००० रुपये; तीत नाटकही येते. पण उमेदवाराने गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. म्हणजे अठराव्या वर्षी अर्ज करायचा, तर आठवीतच सुरुवात हवी. ती पाच वर्षे कोणाच्या खिशातून जाणार?

गडकरी रंगायतन १९७८ साली उभे राहिले. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. पण मुंब्र्याच्या मुलाला ठाण्याला तालमीस जायचे, तर लोकलचा पास, शिबिराची फी आणि रात्रीचा वडापाव आलाच. त्याहून मोठा खर्च हिशेबात दिसत नाही. संध्याकाळी तो दुकानावर बसला असता, तर घरात चार पैसे आले असते. माझ्या वर्गातला एक गुणी मुलगा याच कारणाने तालमीला यायचा थांबला. त्याच्या वडिलांना मी काय म्हणून बोल लावू?

शिक्षणसंस्थेचा नाटकाशी संबंध काय, असेही विचारले जाईल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू किंवा कोकणी बोलली जाते, म्हणून एक दूरचा दाखला देतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात फ्रेंच बोलणारे अल्पसंख्य. १९१६ साली तेथील सरकारने शाळांतून फ्रेंच माध्यम बंद केले. १९२५ साली त्या लोकांनी ‘सेर्कल मोलिएर’ ही नाटकमंडळी काढली. ती आजही चालू आहे. फ्रेंच भाषेत नाटक करणाऱ्या तरुण कलावंतांना साहाय्य देणारा धर्मादाय निधीही त्या देशात आहे. शाळेत बंद झालेली भाषा त्यांनी रंगमंचावर बोलती ठेवली. आणि नाटक हे आपल्या मुलांचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, १९६२ ते १९७७ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक असलेले इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मले होते.

जकातीच्या पैशाला मात्र हात लावू नये. तिचे आठ हक्कदार ठरलेले आहेत. त्यात नाटक बसविण्याचा वाद मला नको. लिल्लाह देणग्यांतून, देणगीदाराला आधी स्पष्ट सांगून, हा निधी उभारावा.

सुरुवातीला एक मुलगा व एक मुलगी पुरे. आठवी ते बारावी पास व फी संस्थेने भरावी, आणि दरमहा थोडी रक्कम आईच्या हाती द्यावी. वर्षाअखेर प्रगतिपुस्तक पाहावे. पण गणितात दोन गुण कमी पडले म्हणून मदत तोडू नये. मुलींच्या तालमी दिवे लागण्यापूर्वी आटोपाव्यात, ही पालकांची अट मला मान्य आहे. अर्जाचा नमुना मी कार्यवाहांकडे दिला आहे. कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत तो विषयपत्रिकेवर घ्यावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.